कडीपाटाचा मजला हलतोय की झोळ आलाय? आधी कारण शोधा, मग टेकू द्या

लाकडी मजल्याच्या तक्रारी दोन असतात आणि आपण त्या एकात मिसळतो. पहिली म्हणजे मजला हलतो. कुणी चाललं की पायाखाली लवलवतो, फडताळातल्या बरण्या किणकिणतात, पण माणूस थांबला की मजलाही थांबतो आणि होता तिथे परत येतो. दुसरी म्हणजे मजल्याला झोळ येतो. खोलीच्या मधोमध तो खाली गेलेला असतो, गोटी सोडली तर घरंगळत मध्यावर जाते, आणि तो आपणहून परत वर येत नाही. हलणं हा बहुतेक वेळा लाकडाच्या मापाचा प्रश्न असतो. झोळ हा वयाचा, ओझ्याचा किंवा पाण्याचा असतो. दोन्ही एकदम दिसत असतील आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत वाढले असतील, तर पहिला संशय पाण्यावर घ्यायचा.

हे सारं कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या, मजल्यांबद्दल आहे. म्हणजे पुणे, सातारा, नाशिककडचे वाडे, गिरगाव-परळच्या लाकडी चाळी, कोकणातली माळ्याची घरं. बाकी दोन प्रकार आधी थोडक्यात निपटतो.

मजला आरसीसी स्लॅबचा असेल आणि खालून पोपडे पडत असतील, सळया दिसत असतील, तर आतलं लोखंड गंजून फुगलंय आणि त्याने काँक्रीट ढकलून दिलंय. त्यावर प्लास्टर फासणं म्हणजे दुखणं झाकणं. तिथे स्ट्रक्चरल ऑडिटच लागतं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना ते महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार करावंच लागतं.

तळमजल्याची फरशी खचली असेल तर तिच्याखाली बहुधा लाकूड नसतंच, भराव असतो. तो नीट चोपलेला नसतो, किंवा ड्रेनेजचा पाइप फुटून माती वाहून गेलेली असते, किंवा घुशींनी पोखरलेली असते. खचलेली फरशी उचला, पाणी कुठून येतं ते आधी बंद करा, घुशीची बिळं दगड-काँक्रीटने बुजवा आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून चोपा. त्यावर कच्चं काँक्रीट आणि मग फरशी. काळ्या मातीवरचं घर असेल आणि फरशी पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली होत असेल, तर माती फुगते-आकसते आहे. तिथे घराभोवतीचं पाणी दूर नेणं हाच मोठा उपाय.

आता लाकडाकडे.

ओझं कुठून कुठे जातं

खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे बुडाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा असतो. खांबांवर तुळई, म्हणजे मुख्य जाड तुकडा, तुळयांवर आडव्या कड्या, साधारण फूट-दीड फुटाच्या अंतराने. कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. फळ्यांवर माती-मुरूम किंवा चुन्याचा कोबा आणि त्यावर शहाबादी किंवा नंतर कधीतरी बसवलेल्या टाइल्स. बऱ्याच चाळींत कड्यांची टोकं थेट विटांच्या भिंतीत घातलेली असतात. पायाखाली मजला हलला तर दोष या साखळीत कुठेही असू शकतो. फळीचे खिळे सैल झाले असतील, कडी बारीक असेल, तुळई चिरली असेल, किंवा खांबच उथळ्यापाशी कुजला असेल. वरून सगळं सारखंच वाटतं. म्हणून वरून निदान करायचं नाही, खाली जाऊन करायचं.

एक गणित मात्र डोक्यात पक्कं असावं. कडी किती वाकेल हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं आणि उंचीच्या तिसऱ्या घाताच्या उलट प्रमाणात असतं. दहा फुटांऐवजी बारा फूट अंतर झालं तर तीच कडी दुपटीहून थोडी जास्तच वाकते. मधोमध टेकू मिळाला तर वाकणं सोळाव्या हिश्शावर येतं. कडी दुप्पट रुंद केली तर दुप्पट ताठ होते, दुप्पट उंच केली तर आठपट. पुढचे सगळे उपाय याच हिशोबावर उभे आहेत, आणि खोली मोठी करायला कुणी मधला खांब काढायचा सल्ला देत असेल तर त्याला का हाकलायचं तेही यातूनच कळतं.

आकड्यांत बघू. तीन मीटर अंतर, ७५ बाय १५० मिलिमीटरची सागवानी कडी, दर ४५० मिलिमीटरला एक. मजल्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला १५० किलो आणि वापराचं ओझं २०० किलो धरलं, तर कडी मध्यावर साधारण ८ मिलिमीटर वाकते. वापराचे हे २०० किलो राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेले आहेत. लाकडाच्या मानकात फरशीसारखं ठिसूळ काही वर असेल तर अंतराच्या ३६० व्या भागापर्यंत वाकणं चालतं, म्हणजे इथे ८.३ मिलिमीटर. कडी जेमतेम पास झाली. आता याच खोलीत कुणी जुन्या फरशीवर चार सेंटिमीटर मसाला टाकून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, तर चौरस मीटरला आणखी शंभर-एकशे दहा किलो वाढले. दहा बाय बाराच्या खोलीत ते सव्वा टनाच्या घरात जातं. जुन्या चाळींतल्या मजल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या 'नूतनीकरणा'नेच केलंय असं माझं मत आहे. प्रत्येक पिढीने जुनी फरशी न काढता वर नवी बसवलेली असते, आणि उंबरा दर वेळी थोडा बुटका होत जातो.

आधी मोजा

झोळ मोजायला दोन सारख्या विटा आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, पुरते. समोरासमोरच्या भिंतींपाशी जमिनीवर विटा ठेवा, त्यांच्या डोक्यावरून तंगूस ताणून बांधा, आणि दर फुटावर जमिनीपासून तंगुशीपर्यंतचं अंतर मोजा. विटेच्या उंचीपेक्षा जितकं जास्त, तितका झोळ. हे कड्यांच्या दिशेने एकदा आणि त्यांना आडवं एकदा करा. आडव्या मापात एक-दोन कड्यांवरच खड्डा दिसला तर दोष त्या कड्यांचा. माप सगळीकडे सारखं, पण गोटी एका भिंतीकडेच घरंगळत असेल तर कडी ठीक आहे, टोकाखालचं काहीतरी बसलंय: भिंत, तुळई किंवा खांब.

मग तीच तंगूस खालच्या खोलीत जाऊन कड्यांच्या पोटाशी ताणा. वर झोळ आहे पण कडी सरळ आहे, असं निघालं तर फळ्या किंवा कोबा गेलाय आणि काम स्वस्तात आटोपेल. खाली फॉल्स सीलिंग किंवा हार्डबोर्ड ठोकलेला असेल तर निदान भिंतीलगतची एक-दोन पानं काढावीच लागतील. न बघता अंदाज बांधू नका.

आकड्याचा अर्थ कसा लावायचा? लाकूड कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं आणि सुरुवातीच्या बाकाच्या दुप्पट बाक पुढे येणं अगदी साधारण आहे. त्यामुळे शंभर वर्षांच्या घरात तीन मीटरच्या खोलीला वीस मिलिमीटर झोळ असेल, सगळ्या कड्या सारख्याच वाकलेल्या असतील, लाकूड निरोगी असेल आणि आकडा वाढत नसेल, तर मी त्याला हात लावणार नाही. तीस मिलिमीटरच्या पुढे, किंवा शेजारच्या कड्यांपेक्षा एखादीच खाली, किंवा दोन मापांत फरक, असं असेल तर इंजिनिअरला बोलवायचं. म्हणून मापाशेजारी भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहा. भिंतीला तडे असतील तर त्यांच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा पट्टा लावून ठेवा. तडा हलला की पट्टा फुटतो.

हलण्याची परीक्षा वेगळी. खोलीच्या मध्यावर टाचा उचलून उभे राहा आणि एकदम धपकन टेका. स्टुलावर काठोकाठ भरलेलं पाण्याचं भांडं ठेवून दुसऱ्या माणसाने ते बघायचं. एकदाच थरारून पाणी शांत झालं तर फार चिंता नको. बराच वेळ लहरी उठत राहिल्या तर मजला मऊ आहे. यामागचं कारण असं: चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि मजल्याची स्वतःची कंपनं सेकंदाला आठच्या खाली असली की पावलांच्या ठेक्याने तो डोलू लागतो. ढोबळ हिशोब हवा असेल तर स्थिर ओझ्याने कडी जितके मिलिमीटर वाकते त्याच्या वर्गमुळाने १८ ला भागा. पाच मिलिमीटरला उत्तर आठ येतं. जुना कायमचा बाक यात धरायचा नाही, फक्त ओझं टाकल्यावर येणारा आणि काढल्यावर जाणारा.

अमेरिका-कॅनडातल्या लाकडी घरांत राहणाऱ्या मराठी मंडळींचा प्रश्न सहसा हाच असतो. तिथे मातीचं ओझं नसतं, मजला हलका असतो, आणि म्हणूनच झोळापेक्षा डोलणं जास्त जाणवतं. आडवे ठोकळे आणि जोडकडी हे पुढचे उपाय तिथेही लागू पडतात.

लाकूड टोचून बघा

टॉर्च, हातोडी आणि एक जाड पेचकस घेऊन खालून प्रत्येक कडी तपासा. हातोडीने ठोकत जा. निरोगी सागवान टणटणीत वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. संशय आला की पेचकस टोचा. टोक नुसतं रुतून थांबलं तर ठीक. पाच-सहा मिलिमीटर सहज आत गेलं तर तिथलं लाकूड गेलंय.

कुठे टोचायचं? मध्यावर नाही, टोकांना. भिंतीत गेलेलं टोक दिसत नाही, त्याला वारा लागत नाही, आणि भिंत ओली झाली की ते महिनोन् महिने ओलंच राहतं. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण भिंतीतली टोकं आधी बघा. जांभ्याची भिंत पाणी पिते, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मग मोरीखालच्या कड्या. मग छपराची पन्हळ जिथे गळते त्याखालच्या. मग सांडपाण्याचे पाइप जिथे मजल्यातून जातात तिथल्या. या चार ठिकाणी काही सापडलं नाही तर बाकी मजल्यावर बहुधा सापडणार नाही.

कुजलेलं लाकूड तपकिरी पडतं आणि चौकोनी तुकड्यांत तडकतं. वाळवी लागली असेल तर भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या दिसतात आणि लाकूड बाहेरून शाबूत, आतून पोकळ असतं. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर किडा. भुसा झाडून टाका आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. पुन्हा पडला तर किडा अजून जिवंत आहे. सागाचा गाभा या सगळ्यांना बराच पुरून उरतो, पण बाहेरचा फिका पांढुरका भाग नाही. त्यामुळे कडीच्या कडा खाल्लेल्या दिसल्या तरी घाबरून अख्खी कडी काढू नका. कडा तासून आत किती गाभा उरतो ते बघा.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. वीस टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं फारसं चालत नाही, वर असेल तर पाणी अजून येतंय. तपासणी पावसाळ्याच्या शेवटी करावी, तेव्हा ओल लपत नाही. दुरुस्ती दिवाळीनंतर.

मोरीचा संशय असेल तर वरच्या मोरीत निळीचं पाणी ओता आणि खाली दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा. स्लॅबवर करतात तसं लाकडी मजल्याच्या मोरीत दोन-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचा उद्योग करू नका.

पाणी थांबल्याशिवाय सुताराला बोलवू नका

इथे माझा हट्ट आहे. कुजलेल्या टोकाशेजारी नवी कडी घातली आणि मोरी तशीच गळत राहिली, तर काही पावसाळ्यांत पुन्हा तेच काम निघतं. आधी पन्हळी, कौलं, पाइप, मोरी. मोरी लाकडी मजल्यावर असणं हीच मुळात अडचण आहे. शक्य असेल तर ती भिंतीलगतच्या दगडी किंवा काँक्रीटच्या भागात हलवा, नाहीतर निदान जुना जाड कोबा काढून, जलरोधक थर भिंतीवर फूटभर चढवून, नीट उतार देऊन हलकी मोरी बांधा. बाहेरच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून ओल 'बंद' करायचा मोह टाळा. माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं कवच घातलं की आत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि त्याचा त्रास थेट कड्यांच्या टोकांना होतो. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा हवा. वाळवीचं काम पेस्ट कंट्रोलवाल्यांवर सोपवा, पण ओल तशीच असेल तर त्यांनाही फार काळ यश येत नाही.

मग ओझं कमी करा

याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते कुणी करत नाही. लोखंडी कपाट, पुस्तकांची मांडणी, धान्याची कोठी हे सगळं खोलीच्या मध्यावरून हलवून भिंतीलगत न्या, जिथे कड्यांची टोकं आहेत. कपाट एकाच कडीवर लांबीने येणार असेल तर फिरवून दोन-तीन कड्यांवर आडवं ठेवा. पाण्याचं भरलेलं पिंप दोनशे किलोचं असतं, म्हणजे तीन माणसं एका जागी रात्रंदिवस उभी. वॉशिंग मशीन कोपऱ्यात ठेवा. ते फिरायला लागताना आणि थांबताना मजल्याच्या कंपनांशी त्याचा वेग जुळतो आणि तेवढे काही सेकंद सगळा मजला थरथरतो. आणि गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी अंगणात किंवा तळमजल्यावर खेळा. वीस जणींनी एका ठेक्यात पाय आपटणं हे वीस जणींच्या वजनापेक्षा खूप मोठं ओझं असतं.

फरशीवर फरशी असेल तर वरचे थर काढणं हा झोळावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे. थर एका टोकाकडून दुसरीकडे न काढता दोन्ही बाजूंनी मध्याकडे काढत या, मलबा मजल्यावर न साठवता लगेच खाली उतरवा.

हलणाऱ्या मजल्याला ताठ करणं

सोप्यापासून अवघडाकडे जा, आणि प्रत्येक पायरीनंतर टाचेची परीक्षा पुन्हा करा. पुरेसं झालं की तिथेच थांबा.

फळ्या उघड्या असतील तर सैल खिळ्यांच्या शेजारी स्क्रू मारा. जुनं सागवान कडक असतं, आधी बारीक भोक न पाडता स्क्रू घातला तर तो तुटतो किंवा फळी चिरते. करकर बऱ्याचदा एवढ्यानेच थांबते.

नंतर ठोकळे. कड्यांच्या मधल्या जागेत, कडीच्याच उंचीचे आणि दोन इंच जाडीचे, घट्ट बसणारे लाकडी ठोकळे मध्यावर एका ओळीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अंतर मोठं असेल तर दोन ओळी. यामुळे एका कडीवरचं पाऊल शेजारच्या कड्याही वाटून घेतात. झोळ यातून कमी होत नाही, पण लवलवणं बरंच उतरतं. ओळ मध्येच तुटली किंवा ठोकळे सैल राहिले तर काही उपयोग नाही. प्रत्येक जागा वेगळी मोजून ठोकळा वेगळा कापावा लागतो, कारण जुन्या घरात दोन कड्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं.

तिसरी पायरी जोडकडीची. जुन्या कडीला चिकटून दुसरी कडी किंवा लोखंडी चॅनल, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचा लोखंडी बार, लावून बोल्टने आवळायचं. शंभर मिलिमीटरचं चॅनल, म्हणजे आयएसएमसी १००, वर सांगितलेल्या सागवानी कडीच्या जवळपास दुप्पट ताठ असतं. वजन मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, त्यामुळे दोन माणसं ते सहज उचलून बसवतात. उंची कडीपेक्षा कमी असल्याने ते छतात लपूनही जातं. काही गोष्टी मात्र सांभाळा. चॅनलची दोन्ही टोकं स्वतः भिंतीवर किंवा तुळईवर टेकलेली हवीत, नुसतं कडीला लटकलेलं चॅनल कुजलेल्या टोकाला वाचवत नाही. बोल्ट १२ मिलिमीटरचे, खाली रुंद वायसर घालून, आणि भोकं कडीच्या वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच आत. कडीच्या पोटाला मध्यावर खाच मारू नका, वायरिंगसाठीसुद्धा नाही. तिथेच सगळ्यात जास्त ताण असतो.

वेल्डिंग घरात करू नका. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, वर कोळिष्टकं आणि भुसा. एक ठिणगी फळीच्या फटीत गेली तर तासाभराने धूर दिसतो. सगळं मोजून बाहेर वेल्ड करून आणायचं आणि आत फक्त बोल्ट. समुद्राकाठी नुसता रेड ऑक्साइड फार टिकत नाही, झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर द्या, आणि भिंतीत जाणाऱ्या टोकाला दोन हात जास्त.

लाकूडच वापरायचं असेल तर पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान बघा. ते पूर्ण वाळलेलं असतं, नंतर आकसत नाही. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी चौकशी करता येते. खिळे काढून, टोचून, दोन्ही टोकं बघून घ्या. ओलं नवं लाकूड घेतलं तर ते वाळताना आकसतं आणि आवळलेले बोल्ट सैल होतात.

मधली तुळई

कड्या मुळातच बारीक असतील, किंवा झोळ तीसच्या पुढे असेल, तर कड्यांना काटकोनात मध्यावर एक तुळई घालणं हाच खरा उपाय. सोळाव्या हिश्शाचं गणित इथे कामाला येतं. मघाच्या दहा बाय बाराच्या खोलीत, त्याच ओझ्याला, बारा फुटी आयएसएमबी १५० गर्डर, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराची १५० मिलिमीटर उंच लोखंडी तुळई, कागदावर जेमतेम पुरतो. जास्तीच्या टाइल्स असतील तर पुरत नाही. हा आकडा फक्त अंदाजापुरता. नेमका गर्डर इंजिनिअरने ठरवायचा, कारण अडचण गर्डरपेक्षा त्याच्या टोकांखाली असते. त्या प्रत्येक टोकावर सव्वा टनाच्या आसपास ओझं येतं. पक्क्या विटांची भिंत ते घेईल, पांढऱ्या मातीची भिंत एका जागी घेणार नाही. तिथे टोकाखाली घडीव दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा देऊन ओझं पसरवावं लागतं, नाहीतर भिंतीला लागून स्वतंत्र खांब उभे करून त्यांना जमिनीत स्वतःचा पाया द्यावा लागतो. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. खोलीतली थोडी जागा जाते, पण जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे याची काळजी राहत नाही.

उचलायचं असेल तर हळू

जोडकडी किंवा तुळई बसवण्याआधी मजला थोडा वर घेतला तर नवं लाकूड-लोखंड लगेच ओझं घेतं. पण 'पूर्ण सरळ' करायच्या नादाला लागू नका. घर त्या झोळाबरोबर स्थिरावलेलं असतं. दारांच्या चौकटी, पार्टिशनं, पाइप, सगळं त्या आकाराला जुळलंय. अर्धा झोळ परत मिळाला तरी भरपूर.

पहिला नियम, टेकू जमिनीपर्यंत. तुम्ही दुसऱ्या मजल्याला टेकू देत असाल आणि पहिला मजलाही लाकडी असेल, तर पहिल्या मजल्याखालीही त्याच रेषेत टेकू लागतो. नाहीतर वरचं दुखणं खालच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर.

टेकूच्या बुडाखाली दोन-अडीच इंची जाड फळी, डोक्यावर तीन-चार कड्यांना आडवी अशी जाड पट्टी. सेंट्रिंगवाल्यांचे फिरकीचे स्टील प्रॉप भाड्याने मिळतात, ते या कामाला उत्तम. बॉटल जॅक उचलायला वापरा, पण त्यावर ओझं सोडून जाऊ नका, तेल झिरपून तो हळूहळू बसतो. जॅकने उचललं की लगेच प्रॉप आवळायचा आणि जॅक मोकळा करायचा. प्रॉप ओळंब्यात उभा हवा. तिरका प्रॉप निसटतो.

उचलण्याआधी वरची फरशी काढलेली असावी, निदान सांधे मोकळे केलेले असावेत. मग आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. दर वेळी वरच्या मजल्यावरच्या भिंती, दारं, गॅसची आणि पाण्याची लाइन बघा. लाकूड थोडं कुरकुरतं, ते चालतं. काडकन आवाज आला, गिलाव्याला नवी भेग पडली, दार अडकलं, तर थांबा आणि एक फेरा मागे घ्या. हव्या त्या उंचीला आल्यावर जोडकडी किंवा गर्डर बसवा, फटीत दोन उलट्या पाचरी एकमेकींवर सरकवून घट्ट करा, आणि मगच प्रॉप काढा. तेही एकदम नाही, दिवसाला थोडे फेरे.

कुजलेलं टोक बदलायचं असेल तर क्रम हाच. आधी टेकू, मग कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून टाका, दोन्ही बाजूंनी चॅनल लावा, निरोगी लाकडावर किमान दोन-अडीच फूट चढवून. भिंतीतल्या खाचेत नवं टोक सिमेंटने गच्च बुजवू नका. खाली दगड किंवा डांबरी फेल्ट, बाजूंनी आणि वरून बोटभर हवा.

स्वतः कुठपर्यंत करायचं

मोजणं, टोचणं, ओझं हलवणं, स्क्रू, ठोकळे हे घरच्या घरी किंवा चांगल्या सुताराकडून होतं. तुळई, खांब, भिंत आणि उचलणं यांत इंजिनिअर हवाच. मजल्याखालून ताजा काडकाड आवाज, तुळईचं टोक भिंतीतून सरकलेलं, काही दिवसांत वाढलेला झोळ, छतातून अचानक गळू लागलेली माती-चुना, यांपैकी काही दिसलं तर मोजत बसू नका. वरची आणि खालची दोन्ही खोल्या रिकाम्या करा आणि महापालिकेला कळवा.

भाड्याच्या घरात मुख्य लाकूड मालकाचं असतं आणि शेजाऱ्याच्याही मजल्याला तेच धरून असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्यायोग्य ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. जुन्या पागडीच्या भाड्यात त्या पाव हिश्शात खिळेही येणार नाहीत, तरी नोटीस द्या. कागद हाताशी असलेला बरा. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींसाठी म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे, अर्ज तिथे जातो.

वर काय घालायचं

दुरुस्तीनंतर पुन्हा मसाला आणि टाइल्स घालायच्या असतील तर सगळा खटाटोप कशाला केला? फळ्या घासून तेल-पॉलिश करा, किंवा वर पाणी सहन करणारं १८ मिलिमीटरचं प्लायवूड स्क्रूने आवळून विनाइल टाका. ते प्लायवूड चौरस मीटरला जेमतेम बारा-तेरा किलो भरतं. खालच्या खोलीत आवाज जातो ही तक्रार येईल. पूर्वी तो आवाज मातीचा थर अडवायचा. प्लायवूडखाली रबराचा किंवा कॉर्कचा पातळ थर घातला तर बराच फरक पडतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर तंगूस पुन्हा ताणा. पहिल्या वर्षात दोन-तीन मिलिमीटर उतरणं साहजिक आहे, पाचरी आणि सांधे बसतात. बोल्ट एकदा आवळून घ्या. पाचच्या पुढे गेलं असेल तर आधी गर्डरच्या टोकांखालची भिंत बघा, मग मोरी.